ऑस्टिन कॅफर्कीचा दगड

१

दफनभूमीतून माणूस उठून गेल्याचं कोणी ऐकलेलं नाही, पण आयर्लंडमधल्या आमच्या पोर्टाकराच्या दफनभूमीतून एका रविवारी सकाळी आख्खा दगड गेला. गुडघाभर उंचीची काळी पाटी, वर सोनेरी अक्षरं. बसवून पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते.

१९९४ साल होतं, आणि मी तेव्हा निवृत्त झालेला पोलीस सार्जंट. आडनाव ड्वायर, मूळचा समुद्रापासून लांबच्या टिपरेरीचा. मेयोच्या या समुद्रकाठच्या टोकाला येऊन तीस वर्षं झाली, बायको इथलीच केली, तरी गाव मला अजून 'नवा सार्जंट' म्हणतं. माझ्यानंतर दोघे येऊन गेले, त्यांना काय म्हणतात देव जाणे. पण काही हरवलं की लोक ठाण्यात न जाता माझ्याच दारात येतात. कारण मी फुकट शोधतो आणि कागद करत नाही.

त्या सकाळी दारात आला तो रेमंड कॅफर्की. अमेरिकेतल्या स्क्रँटनचा, शाळेत गणित शिकवणारा, साठीला टेकलेला भलाथोरला माणूस. दर उन्हाळ्यात आमच्याकडे असे अमेरिकन येतात आणि आपापला पूर्वज शोधतात. पूर्वज सापडला की रडतात, नाही सापडला तर पितात. रेमंडला सापडला होता. आजोबा ऑस्टिन कॅफर्की, इथूनच १९०५ साली अमेरिकेला गेले. त्यांच्या घराच्या चार भिंती अजून उभ्या आहेत, आत खाजकुयली माजली आहे. आजोबांना पुरलं अमेरिकेतच, तरी रेमंडने त्यांच्या नावाचा दगड घडवून इथे बसवला, गाव जमवलं. गावाने टोप्या काढल्या, प्रार्थना म्हटली, हॅम सँडविच खाल्ले आणि एकही शब्द न बोलता घरी गेलं.

आम्ही दफनभूमीत पोचलो. रेमंड रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिला आणि एकदम म्हणाला, "सार्जंट, मला दगडाचं काही नाही. दुसरा करता येईल. पण हे कोणी केलं आणि का केलं, हे मला कळायलाच हवं. पुढच्या आठवड्यात मला बाबांना जाऊन सांगायचंय."

"काय सांगायचंय?"

"माझे आजोबा कसले माणूस होते ते."

मग त्याने सांगितलं. त्याचे वडील यूजीन पंच्याऐंशीचे, अंथरुणाला खिळलेले, नाताळ बघतील असं डॉक्टर म्हणत नाहीत. यूजीन लहान असताना त्यांचा मोठा भाऊ लिओ नदीत पडला. ऑस्टिन काठावरच होता. तो हलला नाही. पोरगा हाका मारत बुडाला आणि बाप काठावर उभा राहून बघत राहिला.

"समुद्रावर वाढलेला माणूस हो!" रेमंड म्हणाला. "बाबा मोठे झाल्यावर घर सोडून गेले ते त्याच्याशी पुन्हा बोलले नाहीत. आता मला म्हणतात, तू जा, त्याच्या गावात विचार. भित्रा होता, खुनी होता, काय होता ते आण. वाईट असेल तर वाईट आण, पण मला कळल्याशिवाय मरायला लावू नकोस."

"आणि दगडावर काय लिहिलं होतंस?"

"नाव, गाव. आणि खाली, 'भुकेने याला घर सोडायला लावले.' दगडवाला म्हणाला, सगळे तेच लिहितात. मी बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, भुकेला माणूसही पोरासाठी पाण्यात उडी मारतो. आणि फोन ठेवला."

मी गुडघे टेकून जागा पाहिली. खड्डा नव्हताच. कोणीतरी माती भरून, वर हिरवळीचा तुकडा बेताने बसवून पायाने दाबला होता. फाटकाकडे एकाच चाकाची रेघ गेली होती, म्हणजे ढकलगाडी. ती गावात घरटी एक आहे.

"रेमंड," मी म्हटलं, "तुझ्या आजोबांवर राग असलेल्या माणसाचं हे काम नव्हे. रागावलेला माणूस दगड फोडतो. खड्डा बुजवत बसत नाही."

मागे वळलो तर प्रार्थनेहून परतणारं अर्धं गाव भिंतीपलीकडे उभं होतं. आणि एकाच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं.

२

अँथनी पॅडनचा पब आणि मयताचा धंदा एकाच छपराखाली आहे. पुढच्या दाराने प्यायला आत जायचं आणि मागच्या दाराने पेटीतून बाहेर यायचं, असं माझी बायको म्हणते. ऐंशीच्या घरातला अँथनी गावातल्या प्रत्येक थडग्याचा हिशेब तोंडपाठ ठेवून असतो.

"दगड? मला काय ठाऊक दगडाचं," तो ग्लास पुसत म्हणाला. "पण गेला तर गेला. बरं झालं."

"का बरं?"

"आता मेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं. पण विचारलंसच म्हणून सांगतो. मेंढ्या चोरायचा तो. डोंगरापलीकडच्यांच्या. पकडणार असं दिसलं तसा पळाला."

"तुला कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे." असं म्हणून त्याने पुसलेलाच ग्लास पुन्हा पुसायला घेतला.

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मला तीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती. मी धक्क्यावर गेलो. तिथे मायल्स लव्हेल खेकड्यांचे पिंजरे दुरुस्त करत बसला होता. चार पिढ्यांचा मच्छीमार, गावातला सगळ्यात थट्टेखोर माणूस.

"या या, नवे सार्जंट!" तो ओरडला. "दगड धरून आणलात की हातकड्या कमी पडल्या?"

"मायल्स, मेंढ्या चोरायचा का रे ऑस्टिन कॅफर्की?"

"मेंढ्या?" तो खरोखरच गोंधळला. मग घाईघाईने म्हणाला, "छे, मेंढ्या कसल्या. पोरीची भानगड होती. पोरीला नको त्या अवस्थेत टाकलं आणि अमेरिकेला तोंड काळं केलं. माझा आजा सांगायचा."

"कुठली पोरगी?"

"नाव आता कोणाला आठवतंय?"

"गावातल्या प्रत्येक कुत्र्याचा खापरपणजोबा तुम्हाला आठवतो, आणि त्या पोरीचं नाव आठवत नाही?"

मायल्स हसला नाही. मी त्याला ओळखतो तेव्हापासून हे पहिल्यांदाच घडलं. पिंजऱ्याची जाळी विणायची सुई खाली ठेवून तो हळूच म्हणाला, "सार्जंट, तू चांगला माणूस आहेस. त्या अमेरिकनाला नवीन दगड करू दे, पैसे मी देतो. पण आणखी कोणाला विचारू नकोस. ऑनर गिंटीला तर नकोच."

साहजिकच मी सरळ ऑनर गिंटीकडे निघालो.

३

वाटेत सिबी मोनाहनचं घर लागतं. धक्क्याला सगळ्यात जवळचं तेच. सिबी सत्तरीला आलेली, एकटीच राहते, आजही मेंढी काखेत मारून कुंपणावरून टाकते. तिने मला आत ओढून चहा पाजला, सोडा ब्रेडवर बोटभर लोणी फासून दिलं.

मी पहिल्यांदाच तिच्या स्वयंपाकघरात नीट पाहिलं. इतक्या जवळ समुद्र, पण त्या बाजूला खिडकी नाही. म्हणजे होती कधीतरी, चौकट दिसत होती, दगडांनी बुजवलेली.

"वडिलांनी बुजवली," ती म्हणाली. "त्यांना वारा सोसायचा नाही."

"मच्छीमार आणि वारा सोसत नाही?"

"ते मच्छीमार नव्हते. होडीत पाय ठेवला नाही कधी."

"सिबी, ऑस्टिन कॅफर्की कसा माणूस होता गं?"

ती बराच वेळ चहा ढवळत राहिली. "मी पाहिलेला नाही त्याला. पण वाईट काही सांगता यायचं नाही मला." मग तिनेच विचारलं, "त्या अमेरिकनाचा बाप जिवंत आहे म्हणे? ऑस्टिनचा मुलगा? त्याला काय वाटतं बापाबद्दल?"

"पोराला बुडताना बघत राहिला, असं वाटतं."

सिबीच्या हातून चमचा पडला. तो तिने उचलला नाही. मी निघालो तरी ती तशीच उभी होती.

ऑनर गिंटी गावातली सगळ्यात वयस्क बाई, नव्वदीला आलेली. माझ्या बायकोची मावशी. नजर गेली आहे, जीभ शाबूत आहे.

"कोण, नवा सार्जंट? बस. ओले बूट दाराशी काढ."

"मावशी, ऑस्टिन कॅफर्कीबद्दल..."

"खबऱ्या होता," तिने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "चोरून दारू गाळणाऱ्यांची नावं पोलिसांना द्यायचा. तुझ्यासारख्यांना! दगड कोणी नेला असेल त्याच्या हाताला देव यश देवो."

"कोणाला पकडून दिलं त्याने?"

"गेले ते. आता कशाला उकरतोस? मेलेल्यांना झोपू दे ना रे!" तिचा आवाज एकदम फाटला. खबऱ्याबद्दल बोलताना कोणी असं रडवेलं होत नाही.

परतताना मी पुन्हा दफनभूमीत शिरलो. कॅफर्कीचा दगड होता तिथून दहा पावलांवर गिंटींचा जुना दगड आहे. त्याच्यासमोरून मी हजारदा गेलो असेन, वाचला मात्र त्या दिवशी. जॉन, पॅट्रिक आणि मार्टिन गिंटी. तिघे सख्खे भाऊ, एकाच दिवशी समुद्रात बुडाले. मार्च १९०५.

जॉन हा ऑनरचा बाप. त्याच्या मागून ती जन्मली, बापाचं तोंड तिने पाहिलेलं नाही. पॅट्रिक माझ्या बायकोचा आजोबा.

आणि ऑस्टिन कॅफर्की बोटीत बसला तो त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, हे रेमंडने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तीन भाऊ बुडतात आणि महिन्याच्या आत एक माणूस देश सोडून पळतो. तीस वर्षं पोलिसात काढलेल्या माणसाला याचा एकच अर्थ लागतो. रेमंडच्या म्हाताऱ्या बापाला आता मी हे कळवायचं?

४

घरी येऊन मी बायकोसमोर बसलो. तिचं नाव अ‍ॅट्रॅक्टा. इतकी वर्षं संसार केला, पण गावच्या गोष्टींत तिने मला कधी ताकास तूर लागू दिली नाही.

"तुझ्या आजोबांना आणि त्यांच्या भावांना ऑस्टिन कॅफर्कीने मारलं?" मी सरळच विचारलं.

"वेडा आहेस का तू?" ती बटाटे सोलता सोलता थांबली. "वारा नव्हता, लाट नव्हती, आरशासारखा समुद्र होता. होडी उलटली. धक्क्यावरून सगळं गाव बघत होतं. ऑस्टिन त्या होडीच्या जवळपाससुद्धा नव्हता."

"मग ऐक. अँथनी म्हणतो मेंढीचोर, मायल्स म्हणतो पोरीची भानगड, तुझी मावशी म्हणते खबऱ्या. माणसाने एक गुन्हा केला असता तर गावाने एकच सांगितला असता. तीन तोंडांतून तीन गुन्हे आले, म्हणजे त्याने गुन्हाच केलेला नाही. ज्याने त्याने जागच्या जागी सुचेल तो चिकटवला. सगळ्या गावाची अळीमिळी गुपचिळी आहे, पण ती कशासाठी?"

ती पुन्हा बटाटे सोलायला लागली.

"आणि एक. चौघांना विचारलं, तिघांनी त्याला नावं ठेवली. एकटीने ठेवली नाहीत. सिबीने. दगड सिबीकडे आहे. बरोबर?"

"दगड कुठे आहे ते सगळ्यांना माहीत आहे," अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली. "भर सकाळी ढकलगाडीवरून नेला तिने, चार जणांच्या दारांवरून. एकाने फाटक उघडून धरलं."

"आणि मला कोणी सांगितलं नाही!"

"तू विचारतोस त्याने काय केलं म्हणून." तिने सुरी खाली ठेवली. डोळ्यांत पाणी होतं, आणि ही बाई सहसा रडत नाही. "आम्ही काय केलं ते तू कधी विचारलंस का?"

तिने हात पुसले. ती म्हणाली, "तो जर्मन पाहुणा आठवतो? धक्क्यावरून पडलेला, तू उडी मारून काढलास तो?"

न आठवायला काय झालं. मी टिपरेरीचा, नदीत पोहायला शिकलेला. त्याला बाहेर काढलं तेव्हा काठावर वीसेक मच्छीमार टोप्या काढून उभे होते. एकानेही हात पुढे केला नाही. त्या रात्री पबमध्ये मला कोणी पेला पाजला नाही. मला वाटलं, परक्याचं कौतुक करायला यांच्या जिवावर येतं.

"त्यानंतर महिनाभर माझ्या भावाला मी समुद्रावर जाऊ दिलं नाही," ती म्हणाली. "पाय धरले त्याचे. तुला सांगितलं पाठ दुखतेय त्याची म्हणून. समुद्राने एकदा ज्याच्यावर हात ठेवला तो समुद्राचा, असं मानायची इथली माणसं. त्याच्या तोंडातला घास काढला तर तो काढणाऱ्याकडून नाहीतर गावाकडून भरून घेतो. म्हणून इथे कोणी पोहायलाही शिकत नाही. मला पटत नाही रे, शिकले आहे मी. पण भाऊ तर माझाच होता ना!"

मी पुढे वाकलो. "म्हणजे ऑस्टिनने कोणाला तरी..."

"ते माझ्या तोंडून नको. मी गिंटींची नात. सिबीच्या तोंडून ऐक, आणि त्या माणसाला बरोबर घेऊन जा. त्याचा हक्क आहे."

५

सिबीने दार उघडलं आणि माझ्यामागे रेमंडला पाहून बाजूला झाली. दगड स्वयंपाकघरातच होता, चुलीजवळच्या बाकावर आडवा ठेवलेला, खाली घोंगडी. शेजारी छिन्नी आणि हातोडा. शेवटच्या ओळीतलं 'भुकेने' खरवडून निघालं होतं, जागा पांढरी पडली होती. पुढचे शब्द तसेच होते.

"परत नेऊन ठेवणार होते," ती रेमंडला म्हणाली. "शप्पथ. फक्त ती ओळ काढून. त्या दिवशी तुम्ही वाचून दाखवलीत आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, मला तिथे उभं राहवेना. भुकेने नाही गेला तो. त्या वर्षी बटाटा उदंड होता, उपाशी कोणी नव्हतं."

"मग कशामुळे गेले?" रेमंडने विचारलं.

"बसा."

तिने सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत देतो.

"माझे वडील, पीटर, अकरा वर्षांचे होते. खडकावर शेवाळ गोळा करताना लाटेने ओढून नेलं. धक्क्यावर माणसं होती, माझे आजोबाही होते. सख्खा बाप! सगळ्यांनी टोप्या काढल्या आणि प्रार्थना सुरू केली. कोणी हललं नाही. एकटा ऑस्टिन हलला. चोवीस-पंचवीसचा पोरगा. वल्हं घेऊन छातीएवढ्या पाण्यात शिरला."

"त्यांना पोहता येत होतं?"

"कोणाला येतं इथे? लाट आली असती तर तोही गेला असता. वल्ह्याचं टोक वडिलांच्या हाताशी नेलं आणि ओढून काढलं. आजोबा पोराला घेऊन घरी आले, पण ऑस्टिनला धन्यवाद दिले नाहीत. घाबरले होते. सगळं गाव घाबरलं होतं. हिवाळा गेला, काही झालं नाही. मग मार्चमध्ये गिंटींचे तिघे गेले. सपाट समुद्रात."

रेमंडचा चेहरा उतरत चालला होता.

"कोणी त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही," सिबी म्हणाली. "नुसतं वाळीत टाकलं. रस्त्यात 'देव भलं करो' म्हणायचं सोडलं. त्याच्या होडीत दुसऱ्या वल्ह्यावर कोणी बसेना, आणि एकट्याने ती होडी चालत नाही. इथली रीत तुम्हाला ठाऊक असेल. अमेरिकेला जाणाऱ्याचं आदल्या रात्री जागरण करतात, मयताचं करतात तसं. सारं गाव येतं, रडतं, नाचतं, सकाळी वेशीपर्यंत पोचवतं. ऑस्टिनच्या आईने ब्रेड भाजला, तंबाखू आणून ठेवली. कोणी आलं नाही. माझे वडील तेवढे घरातून पळून गेले आणि त्याच्याशेजारी बसून राहिले. अकरा वर्षांचं पोर. उजाडल्यावर ऑस्टिन त्यांना म्हणाला, 'पीटर, तू आलास ते बरं केलंस. आता घरी जा, नाहीतर तुलाही बोलतील.'"

"बोलले?" मी विचारलं.

"नाही. ऑनरची आई, बुडालेल्या जॉनची विधवा, चांगली बाई होती. दर रविवारी प्रार्थनेनंतर वडिलांना थांबवायची आणि विचारायची, 'किती वर्षांचा झालास रे?' एवढंच. बारा. तेरा. वीस. ते तीस वर्षांचे झाले तरी विचारायची. शेवटी त्यांनी समुद्राकडची खिडकी बुजवली. लग्न उशिरा केलं, बाहेरगावची बायको आणली, कारण इथे कोणी मुलगी देईना. मी झाले." ती रेमंडसमोर उभी राहिली. "म्हणजे मी आहे ती तुमच्या आजोबांमुळे. आणि सत्तर वर्षं या गावात राहून मी ते एकदाही मोठ्याने बोलले नाही. ऑनर मला दिसते ना रोज. तिला बाप नव्हता, मला होता."

रेमंडने तिचे दोन्ही हात धरले. मग त्याने छिन्नी उचलली, आणि सिबीने दगड धरून ठेवला. उरलेली ओळ निघायला संध्याकाळ झाली.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी रेमंडने आमच्या घरून स्क्रँटनला फोन लावला. यूजीनला ऐकायला कमी येई, म्हणून तो ओरडून बोलायचा. रेमंडला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागे. मी आणि अ‍ॅट्रॅक्टा तिथेच उभे होतो, सगळं ऐकू येत होतं.

रेमंडने सगळं सांगितलं. एक वाक्य दोन-दोनदा सांगावं लागलं. पलीकडून म्हातारा मधेच विचारायचा.

"पोहता येत नव्हतं त्याला?"

"नाही, बाबा."

"आणि छातीएवढ्या पाण्यात गेला? परक्या पोरासाठी?"

"हो."

"आणि मग तिघे गेले."

"हो, बाबा."

रेमंडला वाटलं फोन तुटला. मग म्हातारा बोलला, आणि आता तो ओरडत नव्हता. आम्हाला जवळ सरकावं लागलं.

"माझा हात धरला होता त्याने," यूजीन म्हणाला. "नदीवर. इतका घट्ट की बोटं काळीनिळी झाली. आई आठवडाभर शेकत होती. मला वाटलं, मी ओरडून माणसं जमवीन, त्याची लाज जाईल, म्हणून धरून ठेवलंय. रेमंड, तो पाण्याकडे बघतच नव्हता रे. लिओ हाका मारत होता आणि तो माझ्याकडे बघत होता. सारखा माझ्याकडे."

रेमंड भिंतीला टेकला.

"एकाला काढला तर दुसरा जाईल, असं वाटलं त्याला," म्हातारा म्हणाला. "एक पोर पाण्यात, एक हाताशी. आणि मी त्या माणसाच्या मयतालाही गेलो नाही." मग थोड्या वेळाने, "पण लिओला हे कोण सांगणार? नऊ वर्षांचा होता. त्याला वाटलं असेल, बाबा येतायत."

चोराचा पत्ता लागला, दगडाचा पत्ता लागला, म्हाताऱ्याला हवं होतं ते कळलंही. पण त्याच्या आवाजात सुटका नव्हती, आणि असेल अशी आशा मी कशाच्या जोरावर केली होती कोण जाणे.

अ‍ॅट्रॅक्टाने बाहीने तोंड पुसलं आणि रेमंडच्या हातून रिसीव्हर घेतला.

"यूजीन," ती म्हणाली, "मी अ‍ॅट्रॅक्टा. गिंटींची नात. बुडालेल्या पॅट्रिकची. तुमच्या वडिलांशी आमच्या माणसांनी बोलणं टाकलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमचं चुकलं. हे तुम्हाला कोणीतरी आमच्यापैकीच सांगायला हवं होतं, फार आधी."

पलीकडे श्वासाचा आवाज येत होता.

"तुमचे तिघे सापडले का हो?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही. एकही नाही."

"आमचा लिओ सापडला," तो म्हणाला. "खाली पुलापाशी. त्यानेच उचलून घरी आणला."

"हं," अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली.

फोन मात्र दोघांपैकी कोणीच ठेवला नाही.